गुणगुण थांबेपर्यंत

१

निवृत्त झाल्यावर काय करावं, याबद्दल ऑफिसातल्या प्रत्येकाने मला सल्ला दिला होता. वाचन करा, फिरायला जा, एखादं वाद्य शिका. एका गाईला वचकून राहा, असं कोणी म्हणालं नव्हतं. माझ्या वाट्याला नेमकं तेच आलं.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावाबाहेर राहायचा. बेताचं घर, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला विहीर आणि विहिरीला लागून गोठा. काही कोंबड्या, भाजीचे वाफे, कुंपणाशी फळझाडं आणि एक गाय. वहिनी गेल्यावर तो तिथे एकटा उरला. त्याची मुलगी, आमची चिमणी, शहरात नोकरीला. तिचा मला फोन आला.

"काका, तुम्हाला आता तसंही काही काम नाही. बाबांकडे जाऊन राहा ना. काही करू नका, नुसतं लक्ष ठेवा."

काम नसणं हीच पात्रता धरून मिळालेली ही माझी पहिली नेमणूक. लग्न राहूनच गेलेलं, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. पुस्तकांच्या पेट्या घेऊन मी हजर झालो.

कोंबड्या सोडायच्या, विहिरीचं पाणी शेंदायचं, वाफे भिजवायचे, लाकडं फोडायची, शेण काढायचं. दादा भराभर सांगत होता आणि मी त्याहून भराभर चुकत होतो. कोंबड्यांनी मला पहिल्याच सकाळी ओळखलं. हा नुसताच ओरडतो, करत काही नाही. साहेबांना हे कळायला बरीच वर्षं लागली होती.

मग दादाने गोठ्याच्या दाराआडच्या खुंटीवरून एक विटका खाकी कोट काढून अंगात घातला आणि डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधला. हनुवटीखाली छानशी गाठ मारून. मला हसू आवरेना.

"हस," दादा म्हणाला. "पोटभर हसून घे. पण बाहेर उभा राहून हस. बाईसाहेबांना खपत नाही."

बाईसाहेब म्हणजे गाय. वहिनीखेरीज कोणाच्याही हाताला ती धार देत नसे. वहिनी गेल्यावर तिने दादाला लाथ मारली, दादाने बोलावलेल्या गवळ्याला आडवं केलं आणि पान्हा चोरून धरला. कास दगडासारखी झाली. शेवटी वहिनी गोठ्यात घालायची तो कोट आणि तो रुमाल दादाने चढवला, तिचंच बुटकं स्टूल घेतलं आणि ती बसायची त्याच बाजूला बसला. वहिनी धार काढताना गुणगुणायची, तेही त्याने सोडलं नाही. बिनशब्दांची एक चाल होती तिची, खालून वर चढणारी आणि दमल्यासारखी पुन्हा खाली येणारी.

दादाचा गळा आमच्या घराण्याचाच. तो गुणगुणायला लागला की मालगाडी चढण चढतेय असं वाटायचं. पण बाईसाहेबांनी मान वळवली, कोटाकडे निरखून पाहिलं आणि पान्हा सोडला. बादलीत धारा वाजू लागल्या.

"तू कोण आहेस ते तिला कळत नाही का रे?" मी बाहेरून विचारलं.

"कळतं की. न कळल्यासारखं करते." दादाने मान वर न करता सांगितलं. "आमचं दोघांचं तसं ठरलंय."

२

त्या दिवशीचं दादाने मला शेंगा सोलता सोलता सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"मी इथेच होतो. या खिडकीपाशी. रोजचंच होतं आमचं. ती तिकडे गुणगुणायची, मी इकडे कप मांडायचो. गुणगुण थांबली की दूध झालं. मग मी गॅस पेटवायचो. ती बादली घेऊन येईपर्यंत चहाला उकळी. भांडणं हजार झाली, पण चहा कधी चुकला नाही."

मी शेंगांमधून डोकं वर काढलं नाही.

"त्या दिवशी जरा लवकर थांबली. मला वाटलं, आज दूध कमी. गॅस पेटवला. चहा केला, गाळला. तिच्या कपावर बशी झाकून ठेवली. तरी येईना. मग चिडलो. म्हटलं, एवढं काय करते आहे! आणि माझा माझा पिऊन टाकला."

वहिनी स्टुलावरच होती. कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं. क्षणात गेल्या, काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

"डॉक्टर काय, तसंच म्हणणार," दादा म्हणाला. "पण गाय हलली नव्हती बघ. एरवी बादलीत पाय घालायची तिला खोड. त्या दिवशी जागची हलली नाही. ती तिला सावरून उभी होती, आणि मी चहा पीत होतो."

शोकसंदेशांचे मसुदे मी नोकरीभर केले होते. त्या वेळी ते सगळे ओळीने आठवले आणि त्यातलं एकही वाक्य त्या स्वयंपाकघरात उच्चारण्याजोगं नव्हतं. मी म्हणालो, "या शेंगा जून झाल्यात." दादा म्हणाला, "हो."

३

कोट मुळात दादाचाच. जुना झाल्यावर वहिनीने गोठ्यासाठी लावला. वहिनी अगदी ठेंगणी. तिला बाह्या घडीवर घडी घालून कोपरापर्यंत दुमडाव्या लागत. दादाला त्या मनगटापर्यंत नीट यायच्या.

एका सकाळी खुंटीवरचा कोट मी त्याच्या हातात दिला, तेव्हा बाह्या दुमडलेल्या दिसल्या. दादाने त्या सोडल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. मी समजलो, हाच धार काढून झाल्यावर दुमडून ठेवत असणार. दुःखात माणसं काहीबाही करतात. आमच्या ऑफिसात एक सहकारी वारला, तर शेजारचा त्याच्या टेबलावर महिनाभर पाण्याचा ग्लास भरून ठेवत होता. त्याला कोणी काही म्हणालं नाही. मीही दादाला काही म्हणालो नाही.

पण कारकुनाचा जीव. खात्री केल्याशिवाय चैन पडत नाही. एका सकाळी धार झाल्यावर मी स्वतः कोट घेतला, बाह्या सरळ करून खुंटीवर अडकवला, गोठ्याला कडी घातली आणि दिवसभर दादाला नजरेआड होऊ दिलं नाही. वाफे खणायला बरोबर, कुंपण बांधायला बरोबर, जेवायला समोर. संध्याकाळी कडी मीच काढली.

बाह्या दुमडलेल्या होत्या. घट्ट, सारख्या, हाताने दाबून बसवल्यासारख्या.

कोंबड्यांनी ओढल्या असतील, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण कोंबड्यांबद्दल माझं मत इतकं चांगलं नव्हतं.

दादा माझ्याकडे बघत होता. माझी परीक्षा त्याच्या ध्यानात आलेली असावी. कोट अंगात घालता घालता तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तिला लांब होतात रे."

४

हवा पालटली आणि दादाचा घसा बसला. नुसता बसला नाही, पार मिटला. तो खुणा करायचा आणि मी त्यांचा अर्थ लावायचो. आमचं इतकं पटलेलं मला लहानपणापासून आठवत नाही.

त्या सकाळी तो गोठ्यात गेला. मी स्वयंपाकघरात पाव कापत होतो. बाहेर गुणगुण सुरू झाली. खालून वर चढली, वरच्या सुरावर घटकाभर टेकली आणि अलगद खाली आली. मनात म्हटलं, वा, सुधारला की! आणखी एक काप झाला. मग सुरी थांबली.

दादाला घोट गिळायची मारामार होती. गुणगुणत होतं कोण?

मी सुरी हातात घेऊनच अंगणात आलो. वारा म्हणावा तर झाडाचं पान हलत नव्हतं. विहिरीत आवाज घुमतो म्हणावं, तर घुमायला आधी आवाज लागतो. भिंतीत मधमाश्या असतील, असंही वाटून गेलं. पण मधमाश्यांना वरचा सूर इतका नेमका लागत नाही. गोठ्यातून धारांचा आवाज येत होता, आणि गुणगुण त्या धारांच्याच ठेक्यात चालली होती. पुढे जाऊन आत डोकवायला हवं होतं. मी विहिरीच्या कठड्यापाशीच थांबलो. विहिरीच्या पलीकडे जायला माझे पाय तयार नव्हते आणि मी त्यांना आग्रह केला नाही.

गुणगुण थांबली. दादा भरलेली बादली घेऊन बाहेर आला.

"दादा, आत कोण गुणगुणत होतं?"

त्याने बादली खाली ठेवली. माझ्या तोंडाकडे, मग हातातल्या सुरीकडे पाहिलं. घशातून कसाबसा वारा काढत म्हणाला, "तुलाही ऐकू आलं?"

मी मान हलवली.

"इतके दिवस वाटत होतं, मलाच."

आणि तो हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. पुढे त्या गोठ्यात मी बरंच काही पाहिलं, पण भीती आठवायची म्हटलं की आधी ते हसणंच डोळ्यांपुढे येतं. इतका सुखी माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

५

घसा सुटल्यावरही दादाने पुन्हा गुणगुण केली नाही. गरजच नव्हती. तो कोट घालून बसायचा, धार काढायचा आणि ऐकायचा. पुढे पुढे धार संपली तरी उठेना.

"दूध झालं, दादा."

"गुणगुण चालू आहे."

"मग?"

"मग काय मग! ती थांबली की उठायचं. मागच्या वेळी थांबलेली ऐकली आणि मी गॅस पेटवला. आता समोर बसून ऐकणार. थांबली रे थांबली की हात धरणार."

गुणगुण रोज थोडी लांबत चालली. आधी चहाची वेळ टळायची, मग न्याहारीची, मग उन्हं डोक्यावर येऊ लागली. कोंबड्या खुराड्यात कोंडून ओरडायच्या. भाजी वाफ्यात जून होऊन गेली. मी जमेल तसं करत होतो, म्हणजे नीट काहीच होत नव्हतं.

एकदा मी पशुवैद्याला बोलावलं. त्याने कास चाचपली, कपाळाला आठ्या घातल्या.

"ही आटलीय. बऱ्याच दिवसांपासून. कशाला पिळताय हिला?"

"पिळत नाही," दादा म्हणाला. "नुसता बसतो."

खरंच होतं ते. बादली रिकामीच बाहेर यायची. पण स्वयंपाकघरात बसलेल्या मला रोज सकाळी बादलीत धारा वाजताना ऐकू यायच्या, आधी पत्र्यावर कोरड्या, मग फेसात बुडालेल्या. हे मी पशुवैद्याला सांगितलं नाही. तो गुरांचा डॉक्टर होता. माझ्यावर त्याच्याकडे इलाज नसावा.

"गाय विकून टाक," मी एकदा हट्टाला पेटलो. "चल, दोघंही चिमणीकडे जाऊ."

"आणि इथे ती थांबली म्हणजे? कोण असेल?"

"दादा, वहिनी गेली."

"ते मला सांगतोस?" तो शांतपणे म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू असं कर. मी आत असताना तू इथे खिडकीत बसत जा. एकाला दोघं असलेले बरे. माझं लक्ष चुकलं तर तू धावत ये. येशील ना?"

"येईन."

"चहा वगैरे करत बसू नकोस."

चिमणीचा फोन यायचा. बाबा कसे आहेत? मजेत आहेत, मी सांगायचो, गोठ्यातच असतात सारखे. यात खोटं काही नव्हतं. वरून विचारणा आली की अशी उत्तरं देण्यातच माझी नोकरी गेली. खोटं एक अक्षर नाही आणि कळतही काही नाही. तिने एकच गोष्ट सांगितली होती, लक्ष ठेवा. मी अगदी डोळ्यात तेल घालून बघत होतो, आणि बघतच होतो.

६

त्या सकाळी ऊन लख्ख होतं. दादा पहाटे न खाता गेला होता. आदल्या दिवशीही धड जेवला नव्हता. निदान गरम काहीतरी पोटात जावं म्हणून मी त्याच्यासाठी चहा ठेवला. कपात ओतून गोठ्याच्या दारात नेऊन द्यायचा, असा माझा विचार होता. खिडकी उघडी होती. गुणगुण चालू होती.

ती थांबली.

मी लगेच धावलो. लगेच म्हणजे, गॅस बंद करून. चहा उतू जायच्या बेतात होता.

उन्हातून आत शिरल्यावर सगळं काळं दिसलं. मग स्टुलावरची पाठ दिसली. खाकी कोट, फुलाफुलांचा रुमाल. कपाळ गाईच्या कुशीला टेकलेलं.

"दादा, थांबली. ऊठ आता. चल."

पाठ हलली नाही. मी एक पाऊल पुढे टाकलं. डोळे सरावत होते. कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. खालचे हात बारीक होते.

आणि दादा पलीकडे गव्हाणीशी, चाऱ्याच्या भाऱ्यावर बसला होता. नुसत्या सदऱ्यात, उघड्या डोक्याने, भिंतीला टेकून. तो स्टुलाकडे पाहत होता. चेहऱ्यावर कसलीही तक्रार नव्हती. तो मला उत्तर देणार नाही, हे ध्यानात यायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ माझी नजर त्याच्यावर होती.

मी वळलो तेव्हा स्टूल रिकामं होतं. कोट खुंटीवर होता आणि रुमाल कोटाच्या खांद्यावर. बादली काठोकाठ भरलेली, वरचा फेस अजून बसत होता. गाय जागची हलली नव्हती.

कोटाला मी हात लावला नाही. लावला असता तर ऊबदार लागला असता.

दादाचा उजवा हात पुढे आलेला होता. बोटं वळलेली, कोणाचा तरी हात धरावा तशी. पण मूठ मिटलेली नव्हती. मधे एका लहानशा हाताएवढी जागा होती.

७

डॉक्टर तेच होते आणि वाक्यही तेच होतं. क्षणात गेले, काही करता आलं नसतं. चिमणी आली, रडली, घर आवरलं आणि नोकरीवर परत गेली. गाईला गिऱ्हाईक मिळेपर्यंत मी थांबायचं ठरलं. गाय मी झाडाखाली बांधली आणि गोठ्याला कुलूप घातलं. काही सकाळी नुसत्या कोंबड्याच ओरडल्या. मला वाटलं, सुटलो.

मग एके दिवशी बंद गोठ्यातून गुणगुण आली. खालून वर चढणारी. तिच्या मागून, धापा टाकत, एक मालगाडी चढण चढत होती.

मी विहिरीच्या कठड्यावर बसलो. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, त्यातलं आधी कोण बाहेर येणार हे ठरत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला.

"काका, कधी निघताय तिथून? जेवता ना वेळेवर?"

"गाईचं झालं की निघतो गं."

"बरं, ऐका... काका, मागे कोण गुणगुणतंय?"

रेडिओ, एवढंच म्हणायचं होतं. हयातभर पानंच्या पानं भरून मी लोकांना वाटेला लावलं, आणि गरज होती तेव्हा हा एक शब्द तोंडातून निघाला नाही.

"किती बेसूर..." ती हसत म्हणाली आणि थबकली. बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. मग अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "बाबा?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, मी येते."

नको म्हणायला हवं होतं. कुलूप आहे, मी निघालोच आहे, गाय विकली गेली, काहीही म्हणता आलं असतं. मी "ये" म्हणालो. एकट्याने ऐकणं जड जात होतं, दुसरं काही नाही.

संध्याकाळी ती आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप काढून उंबऱ्यावर बसून ऐकत राहिली.

"आई-बाबांना एकत्र गाताना मी कधी ऐकलंच नव्हतं," ती म्हणाली. "भांडताना मात्र रोज."

मग तिने गाय सोडून आत नेली. खुंटीवरचा कोट काढला. मी म्हणालो, "बाह्या..."

"दुमडलेल्याच आहेत की, काका."

चिमणी आईच्याच बांध्याची. दुमडलेल्या बाह्या तिला मापाने शिवल्यासारख्या बसल्या. रुमालाची गाठ तिने न चाचपडता मारली. बाईसाहेबांनी मान वळवली, पाहिलं आणि आटलेल्या कासेतून पान्हा सोडला.

तिने रजा वाढवली. मग पुन्हा वाढवली. हल्ली रजेबद्दल बोलत नाही. मी तिला निघ म्हणालो, रागावून म्हणालो, हात जोडून म्हणालो.

"बाबांनाही असंच सांगून पाहिलंत ना?" तिने विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता. म्हणून तो जास्त लागला.

आता ती आत आहे. मी स्वयंपाकघरात आहे. खिडकी उघडी आहे, दार सताड उघडं आहे, पायात चपला आहेत. ती आल्यापासून सकाळचा गॅस मी पेटवलेला नाही. भांड्यात पाणीसुद्धा घेत नाही.

गोठ्यात एक स्वच्छ आवाज आहे आणि एक मालगाडी आहे. तिसरा आवाज चिमणीचा. सुरुवातीला तो चाचपडायचा, वरच्या सुरावर हमखास घसरायचा. मला त्याचाच आधार होता. तो घसरला की मी म्हणायचो, आहे, पोरगी आहे. पण आमचा गळा तिने घेतला नाही, आईचा घेतला. रोज ती थोडी कमी चुकत गेली.

आज कान देऊन बसलो आहे आणि मला दोनच आवाज ऐकू येतात. तिसरा पहिल्यात मिसळला आहे. तो चालू आहे की थांबला, ते इथून आता कळणार नाही.

मी उठून उभा राहिलो आहे. गुणगुण चालूच आहे.